वॉल्डॉर्फची सहावी आणि प्राचीन रोम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सहावीत जाणाऱ्या मुलांचे आईबाबा, पहिल्यांदाच हा वर्ग घेणारे शिक्षक आणि मुलांना घरीच शिकवणारी कुटुंबं यांच्याकडून रोमबद्दल पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल, तर तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. वॉल्डॉर्फ शाळा म्हणजे काय, आणि तिथे इतिहास कधी सुरू होतो?

१९१९ साली जर्मनीतल्या श्टुटगार्ट शहरात एमिल मोल्ट या कारखानदाराने आपल्या वॉल्डॉर्फ-अस्टोरिया सिगारेट कारखान्यातल्या कामगारांच्या मुलांसाठी शाळा काढली आणि तिची आखणी ऑस्ट्रियन तत्त्वज्ञ रुडॉल्फ स्टायनर यांच्यावर सोपवली. नाव तिथून आलं. आज अशा शाळा जगभर आहेत, आपल्याकडे मुंबई आणि हैदराबादमध्येही आहेत.

पहिली ते चौथी इतिहास हा वेगळा विषय नसतो. परीकथा, प्राणिकथा, संतांच्या गोष्टी, पुराणकथा असा प्रवास चालतो. पाचवीत प्राचीन भारत, इराण, मेसोपोटेमिया, इजिप्त आणि ग्रीस येतात. सहावीत रोम आणि त्यानंतर मध्ययुग.

२. रोम सहावीलाच का? आधी किंवा नंतर घेतलं तर काय बिघडतं?

बाराव्या वर्षाच्या आसपास मुलं घरात काय बोलायला लागतात ते आठवून बघा. ‘हे बरोबर नाही’, ‘त्याला वेगळा नियम आणि मला वेगळा का?’, ‘असं कुठे लिहिलंय?’ स्टायनर यांच्या मते याच सुमाराला मुलाला कार्यकारणभाव खऱ्या अर्थाने कळू लागतो. म्हणून भौतिकशास्त्रही याच वर्षी सुरू होतं. हातपाय लांब होतात, चालण्यात जडपणा येतो, आणि मनाला ठाम, मोजता येण्याजोग्या गोष्टींची ओढ लागते. कायदा, रस्ते, करार आणि शिस्त यांवर उभं राहिलेलं रोम या वयाला नेमकं भिडतं.

एक उदाहरण देते. इ.स.पू. ५०९ मध्ये रोमने राजाला हाकलून प्रजासत्ताक स्थापन केलं, असं रोमची परंपरा सांगते. ब्रूटस हा पहिल्या दोन कॉन्सलपैकी, म्हणजे राजाऐवजी निवडलेल्या कारभाऱ्यांपैकी एक. राजाला परत आणण्याचा कट उघडकीला आला, तेव्हा कटवाल्यांत त्याची स्वतःची दोन मुलं निघाली. देशद्रोहाची शिक्षा मृत्यू. ब्रूटसने आपल्याच मुलांना ती सुनावली आणि अंमलबजावणी होईपर्यंत तो समोर बसून राहिला. ही गोष्ट नऊ वर्षांच्या मुलाला सांगितली तर ते घाबरतं. पंधराव्या वर्षी सांगितली तर लगेच राजकारणाची चर्चा सुरू होते. बाराव्या वर्षी मात्र वर्गाचे सरळ दोन तट पडतात. अर्ध्यांना ब्रूटस महान वाटतो, अर्ध्यांना राक्षस, आणि दोन्ही बाजू मनापासून भांडतात. ते भांडण त्या सकाळचा खरा धडा असतो. शिक्षकाने निकाल देऊ नये.

३. पाठ्यपुस्तक नाही म्हणता, मग वर्गात रोज नेमकं काय होतं?

रोज सकाळचे सुमारे दोन तास एकाच विषयाला, असं तीन-चार आठवडे चालतं. याला मुख्य पाठाचा ब्लॉक म्हणतात. वर्षभरात रोमला एक किंवा दोन ब्लॉक मिळतात. शिक्षक गोष्ट तोंडी सांगतात, वाचून दाखवत नाहीत. दुसऱ्या दिवशी मुलं ती आठवून सांगतात आणि तिच्यावर बोलतात. त्यानंतर ती मुलांच्या स्वतःच्या वहीत लेखन आणि चित्राच्या रूपाने उतरते. हीच वही त्यांचं पुस्तक.

इ.स.पू. ४९४ चा प्रसंग घ्या. पहिल्या दिवशी गोष्ट सुरू होते ती एका म्हाताऱ्यापासून. फाटके कपडे, वाढलेली दाढी, चेहरा ओढलेला, असा तो रोमच्या चौकात धावत येतो. लोक ओळखतात, हा तर आपल्या फौजेतला सेंटुरियन, म्हणजे तुकडीचा नायक. तो छातीवरचे लढाईतले वण दाखवतो. सांगतो की मी युद्धावर असताना शत्रूने शेत जाळलं, गुरं नेली, वर कर भरायचा होता म्हणून कर्ज काढलं. व्याज चढत गेलं, आजोबा-पणजोबांची जमीन गेली, आणि सावकाराने मलाच धरून नेलं. मग तो पाठ वळवतो. तिच्यावर फटक्यांचे ताजे वळ असतात.

इथे थांबायचं. घंटा वाजायला पाच मिनिटं उरली असली तरी पुढचं सांगायचं नाही.

दुसऱ्या दिवशी मुलांकडून गोष्ट परत येते, आणि जवळजवळ प्रत्येक वर्गात कुणीतरी विचारतंच, ‘मग त्याने केलं काय?’ आता उत्तर द्यायचं. सामान्य लोक, म्हणजे प्लेबियन, शहर सोडून जवळच्या पवित्र टेकडीवर जाऊन बसले. लढणार नाही, राबणार नाही. उमरावांनी मेनेनियस अग्रिप्पाला बोलणी करायला पाठवलं. त्याने पोटाची आणि अवयवांची गोष्ट सांगितली: हात-तोंड-दात पोटावर रुसले, त्याला अन्न द्यायचं बंद केलं, आणि शेवटी सगळं शरीरच खंगलं. शिक्षकाने इथे घाईने तात्पर्य सांगितलं तर हातातली संधी जाते. मुलांना विचारा, या गोष्टीत पोट कोण? उमराव. आणि गोष्ट कोणी सांगितली? उमरावांच्या माणसाने. मग लोक परत आले ते गोष्ट ऐकून की त्यांचं रक्षण करणारे ट्रिब्यून त्यांना मिळाले म्हणून? बारा वर्षांची मुलं हे स्वतः शोधून काढतात आणि वहीत आपल्या शब्दांत लिहितात.

४. हजार वर्षांचा इतिहास तीन आठवड्यांत कसा बसवायचा?

बसवायचा नाही, निवडायचा. सातही राजांची नावं पाठ करून काही साधत नाही. रोम्युलस, शांत आणि धर्मशील नुमा आणि शेवटचा जुलमी टार्क्विन एवढे तीन राजे पुरतात. मग प्रजासत्ताक, इ.स.पू. ४५१-४५० चे बारा कायदेफलक, उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेज शहराशी झालेली युद्धं, गरिबांना जमीन मिळावी म्हणून झगडणारे ग्रॅकस बंधू, ज्युलियस सीझर, पहिला सम्राट ऑगस्टस आणि साम्राज्याची अखेर.

माझं स्पष्ट मत आहे की बारा कायदेफलकांना बहुतेक ठिकाणी फारच कमी वेळ मिळतो. त्याआधी कायदा उमरावांच्या तोंडी असायचा आणि तो काय आहे हे तेच सांगायचे. लोकांनी तो लिहून चौकात लावायला भाग पाडलं. त्यातले सगळे नियम न्याय्य नव्हते. फेडता न येणाऱ्या कर्जदाराला साखळदंडात ठेवायची मुभा त्यात होती. पण कायदा आता सगळ्यांना वाचता येत होता. दोन दिवस वर्गाला स्वतःचे नियम लिहायला लावा, ते भिंतीवर लावा आणि आठवडाभर पाळून बघा. कोणता नियम कुठे अडतो हे मुलंच तुम्हाला सांगतील.

हॅनिबलला मात्र भरपूर वेळ द्या. इ.स.पू. २१८ मध्ये हत्तींसह आल्प्स ओलांडणारा हा कार्थेजचा सेनापती रोमचा शत्रू होता, तरी मुलांचं मन त्याच्याकडे ओढलं जातं. शत्रूचंही मोठेपण ओळखता येणं या वयात रुजलेलं बरं.

५. रोम्युलस, रीमस आणि लांडगी ही खरी गोष्ट म्हणून सांगायची की दंतकथा म्हणून?

लांडगीने दूध पाजलेल्या जुळ्या भावांपैकी रोम्युलसने रोम वसवलं ही गोष्ट, ‘रोमचे लोक स्वतःबद्दल असं सांगत’ एवढं म्हणून पूर्ण रंगवून सांगा. रोमची स्थापना इ.स.पू. ७५३ मध्ये झाली ही त्यांची परंपरागत तारीख. या गोष्टी लिहून ठेवणारा रोमन इतिहासकार लिव्ही जन्मला इ.स.पू. ५९ मध्ये, म्हणजे जवळपास सातशे वर्षांनी, आणि आपण या जुन्या कथा खऱ्याही ठरवत नाही आणि खोट्याही, असं त्याने सुरुवातीलाच लिहून ठेवलंय. हे मुलांना सांगा. त्यांना फसवल्यासारखं वाटत नाही. उलट, ‘मग आपल्याला कळतं तरी कसं?’ हा इतिहासाचा पहिला प्रश्न त्यांच्या तोंडून येतो.

पूल एकट्याने रोखून धरणाऱ्या होरेशियसची गोष्ट सुरू झाली की मराठी मुलं ‘बाजीप्रभू!’ म्हणतातच. म्हणू द्या. मग फरक विचारा. लिव्हीचा होरेशियस चिलखतासह टायबर नदीत उडी मारून जिवंत परततो, बाजीप्रभू खिंडीतच पडतात. एक गोष्ट कित्येक शतकांनी लिहिली गेली, दुसरी १६६० सालची.

६. गुलामगिरी, ग्लॅडिएटर, क्रूसावरचे मृत्यू… एवढं क्रौर्य मुलांना सांगायचं का?

सांगायचं, पण चघळायचं नाही. रोमचं मोठेपण सांगून ज्यांच्या पाठीवर ते उभं होतं त्यांना गाळलं, तर ते मुलांशी खोटं बोलणं होईल. स्पार्टाकसचा उठाव (इ.स.पू. ७३-७१) सांगताना शेवटही सांगावा: पकडलेल्या सुमारे सहा हजार बंडखोरांना कापुआ ते रोम या रस्त्याच्या कडेने क्रूसावर चढवलं. हे एका वाक्यात, शांत आवाजात सांगायचं. आखाड्यातल्या झुंजींचं रसभरीत वर्णन करायची गरज नाही.

गुलाम म्हणजे फक्त साखळदंडातला माणूस, असं चित्रही तयार होऊ देऊ नका. श्रीमंत घरांतल्या मुलांना शिकवणारे ग्रीक शिक्षक अनेकदा गुलाम असत. प्रसिद्ध वक्ता सिसेरो याचा लेखनिक टिरो गुलाम होता, पुढे त्याला मुक्त केलं गेलं. शिकलेला, मालकाचा विश्वासू, आणि तरीही विकता येण्याजोगा माणूस! ही विसंगती मुलांना फार खोल टोचते.

ल्युक्रेशियाच्या प्रसंगाबद्दल स्वतंत्रपणे विचारलं जातं. टार्क्विन राजाच्या मुलाने तिच्यावर जबरदस्ती केली, तिने वडिलांना आणि नवऱ्याला बोलावून सगळं सांगितलं, आणि दोष तुझा नाही असं त्यांनी तिला सांगितलं, इथवर साध्या शब्दांत सांगता येतं. तिने जीव दिला हे लपवायचं नाही, पण त्याचा गौरव अजिबात करायचा नाही. वर्गातल्या प्रत्येक मुलीच्या आणि मुलाच्या कानावर ‘दोष तुझा नाही’ हे वाक्य ठळकपणे पडलं पाहिजे. हा प्रसंग सांगण्याच्या आदल्या आठवड्यात पालकांना कळवा.

७. माझी मुलगी विचारते, या सगळ्यात बायका कुठे आहेत?

तिचा प्रश्न रास्त आहे. रोममध्ये स्त्रियांना मत नव्हतं, पदही नव्हतं, आणि हे तिला तसंच सांगा. पण गोष्टी आहेत. ओलीस ठेवलेल्या मुलींना घेऊन टायबर पोहून पार करणारी क्लोलिया. स्वतःच्याच शहरावर चालून आलेल्या कोरिओलेनसला छावणीत जाऊन खडसावणारी त्याची आई. ग्रॅकस बंधूंना घडवणारी कॉर्नेलिया.

मला सगळ्यांत मोलाची वाटते ती हॉर्टेन्शिया. इ.स.पू. ४२ मध्ये युद्धखर्चासाठी १४०० श्रीमंत स्त्रियांवर कर लादला गेला. ती भर चौकात उभी राहिली आणि म्हणाली, राज्यकारभारात आम्हाला वाटा नाही, तर कर आम्ही का भरायचा? यादी ४०० नावांवर आली.

८. हाताने करायचं काय? फक्त चित्रंच का?

चित्रं आहेतच, पण सहावीत सगळ्यांत जास्त लक्षात राहते ती कमान. याच वर्षी कंपास घेऊन भूमिती सुरू होते, तिचा इथे थेट उपयोग होतो. अर्धवर्तुळाचे १८० अंश. नऊ दगडांची कमान हवी, तर प्रत्येक दगडाला २० अंश. संख्या विषम घ्यायची, म्हणजे बरोबर मध्यावर एक दगड येतो. मुलं जाड पुठ्ठ्यावर पाचरीचा आकार काढतात, आतली कड आखूड, बाहेरची लांब. त्या मापाने शाडूच्या मातीचे नऊ तुकडे कापून सावलीत वाळवतात. उन्हात ठेवले तर तडे जातात आणि कडा वाकतात.

मग गवंडी करतात तसं खाली लाकडी अर्धगोलाचं सेंटरिंग लावायचं, दोन्ही बाजूंनी तुकडे रचत वर यायचं आणि मधला शेवटी बसवायचा. चुना-सिमेंट काही नाही. आता सेंटरिंग हळूच काढून घ्यायचं. पहिल्या खेपेला कमान बहुधा कोसळते, कारण पाय बाहेर सरकतात. मुलं स्वतःच दोन्ही पायांना विटा लावतात, आणि मग ती उभी राहते. वरून वजन टाकलं की ती आणखी घट्ट होते, हे हाताला जाणवतं.

त्याच दिवशी दक्षिण फ्रान्समधल्या पों दु गारची गोष्ट सांगा. नीम शहराला पाणी नेणाऱ्या सुमारे ५० किलोमीटरच्या कालव्यासाठी बांधलेला हा जवळपास ४९ मीटर उंच पूल. एवढ्या लांबीत पाणी उतरतं ते अवघे १२-१३ मीटर. हा उतार साधायला मोजमाप किती बारीक लागलं असेल, हे नुकती कमान बांधलेल्या मुलाला समजावून सांगावं लागत नाही.

९. भारत पाचवीत आणि रोम सहावीत. म्हणजे भारत ‘मागासलेली पायरी’ असं शिकवलं जातं का?

हा प्रश्न विचारायलाच हवा. स्टायनर यांच्या मांडणीत मानवी संस्कृतीची एकामागून एक युगं येतात: भारतीय, इराणी, इजिप्त-खाल्डियन, ग्रीक-रोमन आणि मग आजचं. अभ्यासक्रमाचा क्रम तिथून आला आहे. हा इतिहास नव्हे, ती एक आध्यात्मिक कल्पना आहे. स्टायनर यांच्या लिखाणात वंशांबद्दल आज अस्वीकारार्ह ठरणारी विधानंही आहेत. जर्मनीतल्या वॉल्डॉर्फ शाळांच्या संघाने २००७ साली श्टुटगार्ट घोषणापत्र काढून वंशवाद आणि भेदभाव स्पष्टपणे नाकारला.

भारतात शिकवताना आपण काय करायचं? वयाला अनुरूप आशय म्हणून क्रम ठेवावा, पण ‘भारत झाला, आता पुढे’ असं होऊ देऊ नये. वर्गाच्या भिंतीवर लांब कागदी पट्टी लावून एकाच काळात काय कुठे चाललं होतं ते दाखवा. रोम कार्थेजशी पहिलं युद्ध लढत होतं (इ.स.पू. २६४-२४१), तेव्हा मगधात सम्राट अशोक होता. रोममध्ये सम्राट आले, तेव्हा दख्खनमध्ये सातवाहन होते. अशोकाने कलिंगानंतर काय कोरून ठेवलं आणि रोमच्या सेनापतींनी विजयानंतर काय केलं, ही तुलना मुलं आपणहून करतात.

१०. महाराष्ट्राशी रोमचा खरोखर संबंध होता का, की ओढूनताणून जोडायचा?

चांगला भक्कम संबंध होता. पहिल्या शतकातल्या एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याच्या सागरी मार्गदर्शिकेत पैठण, तगर म्हणजे आजचं तेर, आणि कल्याण यांची नावं आहेत. कोल्हापूरजवळ ब्रह्मपुरीच्या उत्खननात पोसायडन या समुद्रदेवाची काशाची छोटी मूर्ती मिळाली, ती कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात आहे. १९३८ साली इटलीत, व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई शहरात हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. तिच्याशी साम्य असलेली मूर्ती धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला मिळाली आहे. व्हेसुव्हियस इ.स. ७९ मध्ये भडकला, म्हणजे ती मूर्ती त्याआधीच इथून तिथे पोचली होती. कार्ल्याच्या लेण्यांत खांबांवर यवन (इथे अर्थ ग्रीक किंवा पश्चिमेकडून आलेले परदेशी) दात्यांची नावं कोरलेली आहेत.

भारताशी होणाऱ्या व्यापारात दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स (रोमची नाणी) जातात अशी तक्रार रोमन लेखक थोरल्या प्लिनीने केली होती. तोच प्लिनी व्हेसुव्हियसच्या उद्रेकात मेला. पुणे-मुंबईच्या वर्गाला कार्ला, दक्षिण महाराष्ट्रातल्या वर्गाला कोल्हापूर, मराठवाड्याला तेर. सहल ब्लॉकच्या शेवटी ठेवा, म्हणजे मुलं काय बघतायत ते त्यांना कळेल.

११. या निमित्ताने ख्रिश्चन धर्म शिकवला जातो का?

इतिहास म्हणून त्याचा उल्लेख येतो, उपदेश म्हणून येऊ नये. ऑगस्टसच्या काळात येशूचा जन्म, टायबेरियसच्या काळात क्रूस, पुढे छळ, इ.स. ३१३ मध्ये कॉन्स्टन्टाइनच्या काळात मिळालेली मोकळीक, हा रोमच्या कहाणीचाच भाग आहे. त्यासोबत इ.स. ७० मध्ये रोमच्या फौजेने जेरुसलेमचं मंदिर पाडलं तेही सांगा. एखाद्या शाळेत याहून जास्त काही होत असेल, तर थेट वर्गशिक्षकांशी बोला.

१२. ऑनलाइन व्हिडिओ दाखवले तर काय हरकत आहे?

ब्लॉक सुरू असताना टाळा. गोष्ट ऐकताना मुलाने मनात स्वतःचं चित्र केलेलं असतं, पडद्यावरचं तयार चित्र ते पुसून टाकतं. ब्लॉक संपल्यावर पॉम्पेईच्या अवशेषांचे फोटो जरूर बघा.

१३. पुढे राज्य मंडळाच्या किंवा सीबीएसईच्या शाळेत घातलं तर मूल मागे पडेल का?

राज्य मंडळाच्या सहावीला प्राचीन भारताचा इतिहास असतो, त्यामुळे तुमच्या मुलाला तिथला तपशील भरून काढावा लागेल. सीबीएसईच्या अकरावीच्या इतिहासात रोमन साम्राज्य आहे, तिथे उलट फायदा होतो. खरी अडचण लिहिण्याच्या पद्धतीची असते. ‘कारणे द्या’, ‘टिपा लिहा’ याची सवय नसते. बदली ठरली असेल तर महिनाभर आधी मुलाच्या वहीतल्याच विषयांवर असे प्रश्न काढून सराव घ्या.

१४. आम्ही घरीच शिकवतो. मोठा बारा वर्षांचा, धाकटी आठ वर्षांची. ती मध्येच येऊन बसते. काय करू?

तिला हाकलू नका, गोष्टींची वाटणी करा. लांडगी, कॅपिटॉल टेकडीवरच्या हंसांनी ओरडून रोमकरांना जागं केलं ती रात्र, हॅनिबलचे हत्ती, हे दोघांनी एकत्र ऐकावं. ब्रूटस, स्पार्टाकस, ल्युक्रेशिया मोठ्यासाठी राखून ठेवा (प्रश्न २ आणि ६ पाहा). कमान दोघांनी मिळून करावी.

घरी एक उणीव राहते: दोन तट पडायला वर्ग नसतो. तेव्हा संध्याकाळी आजी-आजोबांना वादात ओढा. जर्मनी-अमेरिकेतली काही मराठी कुटुंबं हे व्हिडिओ कॉलवर करतात. मूल मराठीतून आजोबांना ब्रूटसचा निर्णय पटवून देतं, आजोबा विरोध करतात. भाषेलाही ते चांगलं.

१५. माझा मुलगा रोमच्या सैन्याच्या प्रेमात पडलाय. दिवसभर लढाया. काळजी करू का?

नको. शिस्त, सरळ रेषा, तोलून आखलेली छावणी, हे त्या वयाला आवडतंच. त्याची लढायांची आवड तोडू नका, पुढे न्या. इ.स.पू. १४६ मध्ये कार्थेज जळत असताना जिंकणारा सेनापती स्किपिओ रडला, असं त्याच्याजवळ उभ्या असलेल्या पॉलिबियस या ग्रीक इतिहासकाराने नोंदवलंय. आज यांचं शहर गेलं, उद्या आपलंही जाईल, असं त्याला वाटलं. ही गोष्ट सांगा आणि काही विचारू नका. त्याच्या पुढच्या चित्रात काय येतं ते बघा.

१६. रोम कुठे संपवायचं?

बहुतेक शिक्षक इ.स. ४७६ वर थांबतात: ओडोअकर या जर्मनिक सेनानायकाने रोम्युलस ऑगस्टुलस या किशोरवयीन सम्राटाला पदच्युत केलं, पण मारलं नाही. राहायला घर आणि वर्षासन देऊन त्याला दक्षिण इटलीतल्या कॅम्पानियात पाठवलं. मात्र त्याच तासाला सांगा की साम्राज्याचा पूर्व भाग टिकून होता, त्याची राजधानी कॉन्स्टँटिनोपल (आजचं इस्तंबूल) इथले लोक स्वतःला रोमनच म्हणवत राहिले, आणि ते शहर पडलं १४५३ मध्ये. हे न सांगितल्यास मध्ययुगाच्या ब्लॉकमध्ये मुलं गोंधळतात. तो ब्लॉक थेट किल्ले आणि सरदारांपासून सुरू करू नका. आधी तीन-चार दिवस सातव्या शतकातल्या अरबस्तानाला आणि नंतरच्या बगदादला द्या.